शंभर रुपयांत प्रवेश, परतीचे काय?

मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एका महिलेच्या अर्जावर दिलेला अंतरिम आदेश कायदेपंडितांप्रमाणेच सामान्य बचतदारांमध्ये वावरणाऱ्या कार्यकर्त्यांनीही समजून घ्यावा असा आहे. या महिलेने जानेवारी २०२४ मध्ये 'वझीरएक्स' या भारतीय ॲपवरून सुमारे दोन लाख रुपये देऊन 'एक्सआरपी' नावाची ३,५३२ आभासी नाणी विकत घेतली. पैसे चेन्नईतील बँक खात्यातून गेले. १८ जुलै २०२४ रोजी या बाजाराच्या तिजोरीवर सायबर दरोडा पडला आणि सुमारे तेवीस कोटी डॉलर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या आसपास किमतीची नाणी नाहीशी झाली. चोरीस गेलेली नाणी वेगळ्या प्रकारची होती. या महिलेची नाणी त्यांत नव्हती. तरीही इतर लाखो ग्राहकांबरोबर तिचेही खाते गोठवले गेले आणि झालेला तोटा सर्व ग्राहकांनी वाटून घ्यावा अशी योजना सिंगापूरच्या न्यायालयात मांडली गेली, कारण मूळ कंपनी तेथे नोंदलेली होती. आभासी नाणे ही कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता आहे, ती विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी सांभाळता येते, आणि चेन्नईतून पैसे भरणाऱ्या ग्राहकाला येथील न्यायालयाचे दार बंद होत नाही, एवढे साधे म्हणणे मान्य करून घेण्यासाठी तिला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

खरेदीच्या वेळी मात्र न्यायालय, वकील किंवा कारकून यांपैकी कोणीही आड आलेले नसते. पॅन आणि आधार यांची छायाचित्रे चढवावीत, चेहरा कॅमेऱ्यासमोर धरावा, यूपीआयने रक्कम भरावी आणि हिरवे बटण दाबावे, इतकाच विधी असतो. अनेक ॲप्सवर आरंभाची रक्कम शंभर रुपये असते. 'नवख्यांसाठीही सोपे' अशी त्यांची जाहिरात केली जाते आणि ती जाहिरात खोटी नाही. आत जाणे खरोखरच सोपे केलेले आहे. त्यासाठी हुशार अभियंते, आरेखनकार, माणसाच्या सवयींचा अभ्यास केलेली मंडळी राबलेली असतात. बटण कोठे असावे, ग्राहकाने रकमेचा आकडा स्वतः लिहावा की आधीच मांडून ठेवलेल्या पाचशे, हजार, पाच हजार यांतून निवडावा, या प्रत्येक गोष्टीचा विचार झालेला असतो. प्रश्न असा आहे की, ही सुलभता कोठे सुरू होते व कोठे संपते हे कोण ठरवतो आणि कोणाच्या हितासाठी ठरवतो? गिरणीतील साच्यांची मांडणी कामगाराच्या सोयीने व्हावी की मालकाच्या नफ्याच्या हिशेबाने, या जुन्या प्रश्नाशी त्याचे नाते आहे.

या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी एक विसंगती आहे, ती आधी ध्यानात घेतली पाहिजे. 'सातोशी नाकामोटो' या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनची कल्पना मांडली गेली, तेव्हा अमेरिकेतील मोठमोठ्या वित्तसंस्था कोसळत होत्या. बँकेसारख्या मध्यस्थावर विश्वास ठेवण्याची गरजच उरू नये, दोन माणसांनी परस्पर व्यवहार करावा आणि त्याची नोंद सर्वांच्या वहीत राहावी, असा त्या कल्पनेचा गाभा होता. परंतु मध्यस्थ नको म्हटले की आपली गुप्त किल्ली आपणच सांभाळावी लागते, आणि ती हरवली तर कोणत्याही कार्यालयात दाद मागता येत नाही. हे सामान्य माणसाला पेलणारे नव्हते. म्हणून ॲपच्या रूपाने मध्यस्थ परत आला. मात्र मध्यस्थावर समाजाने शंभर-दीडशे वर्षांच्या ठेचा खाऊन लादलेली बंधने त्याच्याबरोबर परत आली नाहीत.

बँकेत ठेव ठेवणाराला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला आरंभी फक्त एक हजार रुपये काढता येत होते. मुंबईतील त्या रांगा आणि तो आक्रोश कोणी विसरलेले नाही. तेथेही न्याय उशिरा आणि अपुरा मिळाला. तथापि त्या खातेदारांना निदान रिझर्व्ह बँकेच्या दारात घोषणा देता आल्या, ठेव विमा महामंडळाकडे हक्क सांगता आला, संसदेत अर्थमंत्र्यांना प्रश्न विचारता आला. ॲपच्या ग्राहकाने कोणाच्या दारात उभे राहावे? वझीरएक्सची खरेदी केल्याचे बायनान्स या जागतिक कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाची कारवाई सुरू होताच तो व्यवहार कधी पूर्णच झाला नव्हता असे बायनान्सच्या प्रमुखाने सांगितले, आणि वझीरएक्सच्या संस्थापकाने ते नाकारले. म्हणजे मालक कोण, याचेच उत्तर ग्राहकाला मिळेना. दरोड्यानंतर ॲप चालवणारी कंपनी आणि तिला तिजोरीची यंत्रणा पुरवणारी कंपनी एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मध्ये या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. त्याने ग्राहकाच्या पदरात अर्थातच काही पडले नाही. सिंगापूरच्या न्यायालयाने योजना मान्य केल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये, सुमारे पंधरा महिन्यांनी, बाजार पुन्हा उघडला. नुकसानीचा काही भाग भावी नफ्यातून भरून देण्याचे वचन 'वसुली-टोकन' या नव्या आभासी कागदाच्या रूपाने देण्यात आले.

शंभर रुपये भरताना यातील काय पडद्यावर दिसते? नाण्याचे नाव, चित्र, भाव आणि चोवीस तासांत तो किती टक्क्यांनी हलला हा आकडा दिसतो. तोही पुरा प्रामाणिक नसतो. 'शिबा इनू' नावाचे नाणे रुपयाच्या अगदी क्षुल्लक अंशाला मिळते. एका बिटकॉइनची किंमत लाखांत आणि हे लाखो नग शंभर रुपयांत, असे शेजारी शेजारी पाहिले की नवख्याला दुसरे स्वस्त वाटते. ते उद्या एक रुपयाला पोचले तर काय, असा हिशेब तो मनात मांडू लागतो. त्या नाण्याचे नग ५८९ लाख कोटींच्या घरात आहेत, आणि प्रत्येकी एक रुपया भाव आला तर एकूण किंमत साऱ्या भारताच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्याही पुढे जाईल, ही गोष्ट त्याच पडद्यावर एका ओळीत सांगता आली असती. ती सहसा सांगितली जात नाही. त्याऐवजी 'आज सर्वाधिक वाढलेली नाणी' अशी यादी वर येते. म्हणजे जे आधीच महागले आहे तेच घेण्यास सुचवले जाते. भाव उसळला की रात्री-अपरात्री फोन वाजतो. 'शुल्क नाही' असे ठळकपणे लिहिलेले असते आणि शुल्क खरेदीच्या व विक्रीच्या दरांमधील तफावतीत बसवलेले असते. २०२१ साली काही लोकप्रिय भारतीय ॲप्सवर विकत घेतलेले नाणे ग्राहकाला स्वतःच्या ताब्यात हलवण्याची सोयच नव्हती. घेतलेली वस्तू घरी नेता येत नाही असे दुकान मंडईत चालले नसते.

कराचा हिशेब आणखीच निराळा. १ एप्रिल २०२२ पासून या नाण्यांवरील नफ्याला तीस टक्के कर लागतो, त्यावर चार टक्के अधिभार, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का कापून घेण्याची तरतूद आहे. एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. समजा, कोणा तरुणाला एका नाण्यात हजार रुपये नफा आणि दुसऱ्यात हजार रुपये तोटा झाला. त्याची कमाई शून्य. कर ३१२ रुपये. ज्याने पहिल्यांदाच मोबाईलवरून काही विकत घेतले आहे, त्याला ही गोष्ट विवरणपत्र भरताना कळते.

हौशी मंडळी म्हणतील की, दरोडा हा अपवाद आहे. बाकी बाजार सुरळीत चालतो आणि लोक कमावतात. त्यासाठी २०२१ च्या शरद ऋतूकडे पाहावे लागेल. टी-२० विश्वचषकाच्या सामन्यांत षटकागणिक क्रिप्टो ॲप्सच्या जाहिराती झळकत होत्या. नवख्यांची पावले तिकडे वळत असतानाच, १० नोव्हेंबर २०२१ च्या सुमारास, बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या जवळ पोचला होता; एका वर्षानंतर तो सोळा हजारांच्या आसपास होता. मधल्या काळात मे २०२२ मध्ये 'लूना' हे नाणे काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आले. क्रिप्टोत उतरण्याचा सुरक्षित आणि सोपा मार्ग, अशी फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात जाहिरात करणारा 'एफटीएक्स' हा बाजार त्याच वर्षी नोव्हेंबरात दिवाळखोरीत गेला, तेव्हा ग्राहकांच्या पैशांत सुमारे आठ अब्ज डॉलरची खोट निघाली. बाझेल येथील आंतरराष्ट्रीय समायोजन बँकेने (मध्यवर्ती बँकांची ती बँक) नोव्हेंबर २०२२ मध्ये ९५ देशांतील क्रिप्टो ॲप्स मोबाईलवर उतरवून घेणाऱ्यांच्या आकडेवारीवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. भाव वाढला की नवे लोक ॲप उतरवून घेतात, नवख्यांची खरेदी चालू असते तेव्हाच बडे धारक विक्री करीत असतात, आणि वापरणाऱ्यांपैकी ७३ ते ८१ टक्के लोकांचे बहुधा नुकसान झाले असावे, असा त्याचा निष्कर्ष आहे.

अर्थात तो अंदाज आहे आणि त्या वेळच्या भावांवर आधारलेला आहे. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. २०२१ च्या शिखरावर घेऊन जो तीन वर्षे हलला नाही, तो त्या वेळी नफ्यात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तीन वर्षे न हलणारा ग्राहक ॲपच्या मालकाला काय मिळवून देतो? त्याचे उत्पन्न व्यवहारांच्या संख्येवर आहे. म्हणून यादी, रंग, सूचना, मित्राला बोलावल्यास बक्षीस, ही सारी रचना ग्राहकाला स्वस्थ बसू न देण्यासाठी आहे. शेअर व क्रिप्टो दोन्ही विकणाऱ्या अमेरिकेतील 'रॉबिनहूड' ॲपवर विशिष्ट व्यवहार झाले की पडद्यावर रंगीत कागदांची उधळण होत असे. अननुभवी माणसांना खेळाच्या नादी लावले जाते असा आरोप ठेवून मॅसॅच्युसेट्स राज्याने डिसेंबर २०२० मध्ये कारवाई सुरू केली. कंपनीने मार्च २०२१ मध्ये ती उधळण बंद केल्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०२४ मध्ये ७५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. येथे राज्यसंस्थेने कंपनीचे हिशेब तपासण्याबरोबर तिच्या पडद्यावरील कागदांचाही जाब विचारला, हे विशेष.

ब्रिटनने याहून पुढचे पाऊल टाकले. ८ ऑक्टोबर २०२३ पासून तेथे लागू झालेल्या नियमांनुसार पहिल्यांदाच क्रिप्टो घेऊ पाहणाऱ्याला चोवीस तास थांबावे लागते. धोक्याची सूचना ठळक द्यावी लागते, ग्राहकाला आपण काय घेत आहोत हे कळते की नाही याची परीक्षा घ्यावी लागते, आणि मित्राला आणल्यास बक्षीस देण्यास बंदी आहे. चोवीस तास म्हणजे काही फार नव्हे. पण त्या एका रात्रीत माणूस घरी बायकोशी किंवा नवऱ्याशी बोलतो, एखाद्या जाणत्याला विचारतो, भाव थोडा उतरलेला पाहतो. ॲपच्या रचनाकाराने जो अडथळा म्हणून काढून टाकला होता, तो विचार करण्याचा वेळ होता.

आपल्या सरकारने काय केले? रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवसायापासून दूर राहण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या कार्यसूचीत विधेयक होते. ते मांडलेच गेले नाही. नंतर २०२२ मध्ये कर आला, मार्च २०२३ मध्ये या कंपन्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याच्या कक्षेत आल्या. म्हणजे सरकारला आपला कर मिळेल आणि गुन्हेगारांचा माग लागेल, एवढी तजवीज झाली. ग्राहकाची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवण्याची सक्ती, बाजार बंद पडल्यास कोणी किती द्यावे याचा नियम, यांसाठी स्वतंत्र कायदा झालेला नाही. ही उत्पादने अनियंत्रित असून तोट्याबद्दल दाद मागता येणार नाही, अशी सूचना छापील जाहिरातीच्या एक-पंचमांश जागेत देण्याचा दंडक एप्रिल २०२२ पासून आहे. परंतु तो जाहिरात व्यवसायाच्या स्वयंनियमन परिषदेने घातलेला आहे आणि जाहिरातीपुरता आहे. दुकानाबाहेरच्या पाटीला नियम आहे. गल्ल्यापाशी काय चालते, याला नाही.

एक टक्का करकपातीमागे सट्टा मंदावावा असाही हेतू असल्याचे सांगितले जाते. विचार जुना आहे. केन्स यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात जुगाराचे अड्डे दुर्गम व महाग असणे लोकहिताचे मानले जाते, तोच न्याय शेअरबाजारालाही लावावा असे सुचवले होते आणि प्रत्येक व्यवहारावर भरभक्कम कराची कल्पना मांडली होती. पण केन्स यांच्या अड्ड्याला भिंती होत्या. येथे कर लागताच अनेक व्यवहार परदेशी बाजारांकडे वळले आणि डिसेंबर २०२३ मध्ये अशा नऊ बाजारांना सरकारला नोटिसा द्याव्या लागल्या. आत शिरणे शंभर रुपयांचे आणि दोन मिनिटांचे ठेवून बाहेर पडण्यावर कर बसवला, तर अडतो तो छोटा माणूसच.

सुलभता ही खासगी कंपन्यांचीच मिरास आहे असेही नाही. शंभर रुपये सेकंदात पाठवण्याची ज्या यूपीआयची किमया ही ॲप्स वापरतात, ती यंत्रणा २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली उभी राहिली. सरकारी रोखे सामान्य माणसाला थेट घेता यावेत म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे बिटकॉइन शिखरावर होता त्याच आठवड्यात, 'रिटेल डायरेक्ट' ही योजना सुरू झाली. तिचे मोबाईल ॲप मे २०२४ मध्ये आले, अडीच वर्षांनी. तेथे रोख्यात किमान गुंतवणूक दहा हजार रुपयांची. देशातील सर्वांत सुरक्षित कागदाचे दार दहा हजारांचे आणि सर्वांत बेभरवशाच्या कागदाचे शंभराचे, ही रचना कोणी कट करून केलेली नाही. एका बाजूस रचनेचा विचार करणारे पगारी लोक होते आणि दुसऱ्या बाजूस कोणी नव्हते, इतकेच. टपाल कार्यालयातील बचतीचा अर्ज ज्याने कधी भरला आहे त्याला हे निराळे सांगायला नको.

डाव्या विचाराच्या वर्तुळात या विषयाची बोळवण 'जुगार' या एका शब्दात करण्याची सवय आहे. ती सोडली पाहिजे. ज्याला कायम नोकरी नाही, ज्याच्या महिन्याच्या उत्पन्नाचा भरवसा नाही, ज्याच्या डोळ्यांदेखत घरांच्या किमती त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या, त्या तरुणाला ठेवीवरचे व्याज आयुष्य बदलून देणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याचे गणित चुकत असेल, पण ते निव्वळ हावेपोटी मांडलेले नसते. त्याला मूर्ख म्हणणाराचे तो ऐकणार नाही. ॲप त्याला मूर्ख म्हणत नाही, त्याचे नाव घेऊन स्वागत करते. बंदीची मागणीही सोपी आहे, पण मोबाईलमधील दार परदेशातूनही उघडते, हे वर दिसलेच. मागायचे ते नवख्याच्या बाजूने रचलेल्या ॲपचे मागावे लागेल, आणि व्यवहारांच्या संख्येवर जगणारी कंपनी ते आपण होऊन रचणार नसल्याने कायद्याने मागावे लागेल. खरेदीचे बटण दाबण्यापूर्वी 'हे याच क्षणी विकल्यास हातात इतके रुपये येतील' हा आकडा दरांतील तफावत, शुल्क व करकपात धरून दिसलाच पाहिजे. नव्या ग्राहकाला पहिला एक दिवस थांबवावे. नाणी कोणाच्या ताब्यात आहेत, ती कंपनी कोणत्या देशात नोंदलेली आहे आणि वाद झाल्यास कोणते न्यायालय, हे मराठीत, तमिळमध्ये, ग्राहक ज्या भाषेत वाचतो त्या भाषेत असावे. काढून घेण्याचे बटण खरेदीच्या बटणाएवढेच मोठे असावे. बक्षिसे आणि 'सर्वाधिक वाढलेल्यां'ची यादी नवख्याच्या पडद्यावरून हटवावी. यातील एकही गोष्ट तंत्रज्ञांना अवघड नाही.

असा कायदा होईपर्यंत तालुक्याच्या गावी, कामगार वस्तीत, महाविद्यालयाच्या आवारात कार्यकर्त्यांकडे कोणी मोबाईल घेऊन सल्ला विचारायला येईल, तेव्हा त्याला व्याख्यान देत बसू नये. भरलेल्या रकमेतील शंभर रुपये आजच बँक खात्यात परत आणून दाखव, आणि किती आले ते मोजून सांग, एवढेच त्याला सांगावे. पुढची रक्कम भरायची की नाही, हे त्यानंतर तो ठरवील.